मूल असेल तिथे

विरार सोडलं की लोकलचा स्वभाव बदलतो. धक्काबुक्की मागे राहते, खिडक्यांतून खाडीचा वारा येऊ लागतो आणि वैतरणा ओलांडेपर्यंत डब्यातल्या बायका एकमेकींच्या सुनांपर्यंत पोचलेल्या असतात. सफाळ्याला भाजीवाल्या रिकाम्या पाट्या घेऊन उतरल्या, पालघर-बोईसरला कारखान्यांतली माणसं उतरली. वाणगावनंतर डबा इतका मोकळा झाला की लेकीने समोरच्या बाकावर पाय पसरले आणि मी सवयीने म्हणाले, "चपला काढ आधी." डहाणू रोडला लोकल संपते. मुंबईची लोकल इथवर यायला २०१३ चा एप्रिल उजाडला. त्याआधी शटल आणि पॅसेंजर यांच्यावरच सगळा भरवसा.

आई १९६२ साली अशाच एका पॅसेंजरने घोलवडला उतरली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. बरोबर पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आजोबांचा एक प्रश्न: "पोरं सांभाळायला शिकायला कशाला जावं लागतं?" आईने त्या प्रश्नाचं उत्तर कधी दिलं नाही. ती नुसती पोरं सांभाळत राहिली. आधी कोसबाडच्या पाड्यांवरची, मग डोंबिवलीतल्या चाळीच्या दोन खोल्यांत भरणाऱ्या बालवाडीतली, मग आम्ही दोघं भावंडं आणि शेवटी आमची मुलं. गेल्या वर्षी ती गेली. बालवाडीच्या बाई कुठे संपल्या, आई कुठे सुरू झाली आणि आजी कधी झाली, याच्या सीमारेषा आम्हाला घरात कधीच आखता आल्या नाहीत. कोसबाड म्हणजे तिचं दुसरं माहेर. ते बघायला आम्ही मायलेकी निघालो होतो.

लेक लहान मुलांसाठी मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढते. आजीने तिच्या या नोकरीबद्दल एकच प्रश्न विचारला होता: "त्या खेळात हाताला काय लागतं?" लेकीला तो प्रश्न अजून पुरतो आहे.

डहाणूहून बोर्डीचा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. पारनाका, नरपड, चिखले, घोलवड. एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्या फटींतून दिसणारं पाणी, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर आता चिकू जरा ताठ मानेने लिहिलेला असतो. मार्गशीर्षातले दिवस होते. वाड्यांतून टोपल्या भरून चिकू बाहेर येत होते, रिक्षावाल्याने आमच्या पायाशी दोन टोपल्या ठेवल्या आणि "घोलवडपर्यंतच आहेत" असं आश्वासन दिलं.

बोर्डीचा समुद्र ओहोटीला फार लांब जातो. मागे ओली, राखाडी, सपाट वाळू पसरते आणि तिच्यावर शिंपल्यांचा खच. आईच्या सगळ्या गणिताची सुरुवात या किनाऱ्यावरून झाली होती. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, उघडे-मिटलेले. शिंपले वेगळे करता करता मूल मोजायला शिकतं. पाटी-पेन्सिल नंतर. बारीक वाळू ओल्या डिंकावर चाळून पुठ्ठ्यावर अक्षरं करायची, बोट त्यावरून फिरवायचं, म्हणजे 'ग'चं वळण डोळ्यांआधी बोटाला कळतं. ही बोर्डीची वाळू आमच्या डोंबिवलीच्या घरात चहाच्या बरणीत भरून ठेवलेली असे, आणि वडिलांनी एकदा ती साखर समजून चहात घातली होती.

ही वाळू आणि हे शिंपले रोमहून निघालेल्या एका वाटेच्या टोकाला येतात. मारिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथली दट्ट्यांची पेटी, मनोरा, खरखरीत अक्षरं जगभर गेली. भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून शिक्षणात पडले आणि दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे जाऊन पोचल्या. प्रार्थना समाजातल्या केळकरांच्या घरात वाढलेल्या, पदवीधर, राजकोटच्या बार्टन महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या, पदरी एक लेक असलेल्या ताराबाई. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथे सगळं नीट चाललं होतं, आणि तरीही १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला आल्या. कारण सरळ होतं. महाग लाकडी साहित्य, रंगीत खोल्या, मुलांना पोचवायला येणाऱ्या आया, हे सगळं शहरातल्या थोड्या घरांना परवडणारं. खेड्यातल्या मुलाचं काय, या प्रश्नाला दादरमध्ये बसून उत्तर मिळणार नव्हतं.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, बालपणीच विधवा झालेल्या, पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. वय पस्तीस. बोर्डीत त्या हरिजनवस्तीत आणि आदिवासी पाड्यांवर जाऊन मुलांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायच्या, मग अंगणातच बालवाडी भरायची. त्याच वर्षी याच मुलखात वारल्यांचा उठाव झाला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस आणि त्याची बायको सावकाराच्या घरी राबत राहत, अशांना लग्नगडी म्हणत. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडायला किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उभे राहिले. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये सांगितली आहे. एकाच वर्षी, एकाच तालुक्यात, मोठ्यांसाठी एक काम सुरू झालं आणि चिमुरड्यांसाठी दुसरं. पाड्यावरचं मूल पांढऱ्या लुगड्यातली बाई पाहून का पळायचं, हे समजायला या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात.

ते पळणं आम्हाला ऐकायला मिळालं घोलवडला, आईच्या मैत्रिणीकडून. दोघींनी कोसबाडला एकत्र शिक्षण घेतलं होतं. आई लग्न होऊन डोंबिवलीला गेली, मावशी इथेच राहिल्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, कंबर वाकलेली, आवाज मात्र अजून वर्गभर ऐकू जाईल असा. मागच्या दारी चिकूची वाडी. वाळवलेल्या चिकूच्या फोडी आणि गवती चहा घातलेला चहा पुढे करत त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"कपाळ आईचं आहे. बसणं नाही. तुझी आई खुर्चीत कधी बसलेली मी पाहिली नाही."

"घरी पण नाही बसायची," मी म्हटलं.

"खुर्चीत बसलं की पोराचं डोकं दिसतं, बाय. जमिनीवर बसलं की तोंड दिसतं."

मग त्यांनी पहिला महिना सांगितला. पहाटे उठून पाड्यावर जायचं. पोरं वाट बघत थोडीच बसलेली असणार! लांबून बाई दिसली की टोचायला आली म्हणून कुडाच्या भिंतीमागे पसार. मावशी स्वतः त्यांच्यामागे धावल्या, एकदा बांधावर पडून गुडघा फोडून घेतला. "तुझी आई धावली नाही. अंगणात बसकण मारली, पिशवीतले शिंपले काढले आणि स्वतःच मांडत बसली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कोंबड्या आल्या. चार-पाच दिवसांनी एक पोर पाठीमागे येऊन उभी राहिली. तुझ्या आईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. एक शिंपला फक्त बाजूला सरकवला."

"आणि मग?"

"मग काय. नखं!"

नखांची गोष्ट मला माहीत होती, पण ती इथली हे माहीत नव्हतं. पाड्यावरच्या मुलांची नखं वाढलेली, मातीने भरलेली असत. कात्री बघितली की हात मागे. म्हणून आईने एक युक्ती काढली. करंगळीला कात्री लावताना गोष्ट सुरू करायची: एक होती म्हातारी. अनामिकेला तिचा नातू येणार. मधल्या बोटाला वाटेत जंगल लागणार. तर्जनीला वाघ. आणि अंगठ्याशी, वाघाने तोंड उघडलं की गोष्ट थांबवायची. दुसऱ्या हाताची नखं उद्या. मुलाला उद्या यावंच लागे, कारण म्हातारीचं काय झालं ते त्या हातावर होतं.

लेक माझ्याकडे बघायला लागली. कारण तिच्या डाव्या हाताची नखं शनिवारी आणि उजव्या हाताची रविवारी निघत, आणि याला काहीतरी शास्त्रीय कारण असणार अशी तिची कालपर्यंत समजूत होती.

मावशींनी आतून एक लाकडी चौकट आणली. दोन्ही बाजूंना मांजरपाटाचे तुकडे ठोकलेले, एकावर गुंड्या, दुसऱ्यावर काजं. तीन वर्षांचं मूल त्यावर गुंडी लावायला शिकतं. अशीच चौकट आमच्याकडे आईच्या पेटीत आहे. मावशींच्या चौकटीवर पाच गुंड्या होत्या, पाचही वेगळ्या. "मुद्दाम?" लेकीने विचारलं. "मुद्दाम कसलं! एकसारख्या मिळायच्या कुठे? पण झालं असं, की पोरांना प्रत्येक गुंडीचं नाव ठेवता यायला लागलं. त्यांनी ठेवलेली नावं सांगत नाही, तू शहरातली आहेस."

दुपारनंतर आम्ही कोसबाडला गेलो. टेकडी म्हणून फार उंच नाही. रस्ता चिकूच्या वाड्या सोडून वर चढतो तशी ताडाची झाडं विरळ होतात, भाताच्या खाचरांतली खुंटं आणि पेंढ्याच्या उडव्या दिसू लागतात, आणि वळणावर मागे वळून पाहिलं तर पश्चिमेला समुद्राची रेघ. ताराबाई आणि अनुताईंनी १९५७ च्या सुमारास बोर्डीतून आपलं काम इथे हलवलं. बोर्डी गाव होतं. बाजार, शाळा, शिकलेली माणसं असलेलं. मुलं टेकडीवर होती, म्हणून संस्था टेकडीवर गेली.

बैठ्या इमारती, व्हरांडे, मोठी झाडं. मुलं घरी निघून गेली होती. व्हरांड्यात एक ताई उद्यासाठी कागदाच्या पट्ट्या कापत होत्या. त्यांनी आम्हाला सगळीकडे फिरू दिलं. आई इथे शिकली होती म्हटल्यावर "कोणत्या साली?" असं विचारून, उत्तर ऐकून, कात्री खाली ठेवून उभ्या राहिल्या. १९६२ म्हणजे ताराबाई सत्तर वर्षांच्या होत्या, त्यांना पद्मभूषण मिळालं ते साल. आई या दोघी मोठ्या बायकांबद्दल घरी फारसं बोलत नसे. त्यांच्या कामाबद्दल मात्र तासन्‌तास बोले, आणि ते काम कसं घडत गेलं हे टेकडीवर उभं राहिल्यावर नीट उलगडतं.

पाड्यावरच्या मुलाला शाळेत आणायचं, तर आधी विचारायला हवं की ते आत्ता काय करतं आहे. सहा-सात वर्षांची मुलगी घरी असते कारण आई-बाप कामावर गेले की कडेवरचं भावंड तिच्याकडे असतं. तिला शाळेत बोलवायचं तर ते भावंड कुठे ठेवणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच वेळी. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. मधल्या सुट्टीत ती धाकट्याला बघून येते आणि निर्धास्त होऊन परत पाढे म्हणते. या प्रयोगाला विकासवाडी म्हणतात. मुलगा घरी नसतो, तो गुरांमागे कुरणात असतो. गुरं सोडून तो येणार नाही. गुरं दुसऱ्याच्या शेतात गेली तर मार त्याला पडतो. मग शिक्षकाने साहित्याची पिशवी घेऊन कुरणात जायचं, गुरं चरत असताना झाडाखाली शिकवायचं, आणि एखादी गाय भरकटली की धडा अर्धा टाकून मुलाने पळायचं, ते गृहीतच धरायचं. ती कुरणशाळा. शाळा मुलाला काय देते हे सगळेच सांगतात. शाळेने आपली जागा, आपली वेळ, आपली शिस्त यांतलं काय काय सोडलं, याचा हिशेब कोसबाडने मांडला.

आईने हा हिशेब डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणला. मी तेरा-चौदा वर्षांची असताना कशावरून तरी रुसून गच्चीवर जाऊन बसले होते. खालून हाका येतील, मी ओ देणार नाही, असा बेत होता. हाक आलीच नाही. थोड्या वेळाने आई सूप आणि वालाच्या शेंगा घेऊन वर आली, माझ्यापासून हातभर लांब बसली आणि शेंगा सोलायला लागली. काय झालं हे विचारलं नाही. जेवलीस का विचारलं नाही. अर्ध्या शेंगा संपल्यावर माझा हात आपोआप सुपात गेला आणि सगळ्या संपेपर्यंत माझं बोलून झालं होतं. तिने मला शिकवलेलं तंत्र शिंपल्यांचं होतं हे घोलवडच्या ओसरीवर बसल्याशिवाय मला दिसणार नव्हतं.

भावाचा मुलगा न्यू जर्सीत वाढला. आई पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा तो तीन वर्षांचा, नव्या माणसाला पाहून जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसणारा. सुनेने हाका मारल्या, भावाने खेळणी दाखवली. आईने गुडघ्यांचं दुखणं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि टेबलाखाली शिरली. बोर्डीचे शिंपले तिने सामानातून नेले होतेच. तासाभराने दोघं बाहेर आली तेव्हा कुणालाही दुसऱ्याची भाषा आली नव्हती, पण सगळे शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लागले होते. पुढे फोनवर तो तिच्याशी मोडक्या मराठीत बोलायचा. विषय कायम एकच: वाघाने म्हातारीला खाल्लं की नाही.

मोठ्यांशी मात्र तिचं तितकंसं जमत नसे. पाच वर्षांच्या वरच्या माणसाला आपली गुंडी आपण लावता येते, असा तिचा ठाम समज होता आणि तो वडिलांना फार महागात पडला. लग्नकार्यात ती बायकांच्या घोळक्यात नसायची, मांडवाच्या मागे पोरांत सापडायची. चाळीतल्या बायका तिला "बालवाडीच्या बाई" म्हणत, त्यात थोडी माया आणि थोडी कमी लेखण्याची छटा असे, कारण प्राथमिक शाळेतल्या बाईंना पगार होता, पुढे पेन्शन होती, आणि आईला महिन्याच्या फीचे गोळा झालेले पैसे. ज्यांची फी येत नसे त्यांची मुलं तरीही येत. निवृत्तीही तिला कुणी दिली नाही, गुडघ्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सुचवलं म्हणून आम्ही टेकडीखालच्या एका पाड्यावरची अंगणवाडी बघायला गेलो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी गेला. बोर्डीच्या अंगणांत बालवाडी भरली त्याला तोवर तीस वर्षं झाली होती. इथली अंगणवाडी पक्क्या खोलीत आहे. भिंतीवर वारली चित्रं, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांची जागा आता ऑइलपेंटने घेतलेली. जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि वारली माणसांचा तारपा नाच जगभरच्या भिंतींवर गेला. इथल्या भिंतीवर तारपेवाल्याच्या शेजारी हात धुण्याच्या सात पायऱ्या काढलेल्या होत्या.

सेविका तिशीतल्या, याच पाड्यावरच्या. एका हाताने त्या खिचडीच्या ताटल्या मांडत होत्या, दुसऱ्या हातात मोबाइल. वजन, उंची, हजेरी, आहार, सगळं पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं असतं. आदिवासी भागात २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतलं एक वेळचं जेवण मिळतं, मुलांना अंडी किंवा केळी. त्याच्या नोंदी वेगळ्या. एवढ्या सगळ्या कामाचं मिळतं ते मानधन. त्याला सरकार पगार म्हणत नाही. आईच्या फीच्या डब्याची मला आठवण झाली.

पटावरच्या नावांपैकी निम्मीच मुलं समोर होती. "बाकीची?" लेकीने विचारलं.

"भट्टीवर गेली. दिवाळी झाली की जातात. वसई, भिवंडीकडे. पावसाला येतील."

वीटभट्टीवर कुटुंबच्या कुटुंब जातं, कारण विटा थापायला सगळे हात लागतात आणि मागे पोराला बघायला कुणी उरत नाही. तिथे ती राहतात त्या गवताच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वसईच्या भागात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्या याच मुलांसाठी. कुरण गेलं, भट्टी आली. मूल आई-बापांच्या मागे गेलं आणि शाळेला पुन्हा त्याच्या मागे जावं लागलं. अनुताईंनी १९८२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्था काढली आणि ऐने-दाभोणच्या बाजूला आणखी आत काम नेलं. १९८५ ची पद्मश्री त्यानंतरची. १९९२ साली त्या गेल्या, तोवर त्यांचं जाणं पुढच्या पाड्याकडेच होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. आजोबांच्या प्रश्नाला सरकारी उत्तर मिळालं म्हणायचं. पण भट्टीवर गेलेल्या निम्म्या पटाला ते अजून गाठायचं आहे, आणि ते गाठणं कोणत्याही धोरणाला बसल्या जागेवरून जमणार नाही. कुणीतरी पिशवी उचलून जावंच लागतं. आईच्या पिढीच्या शेकडो बाया तेवढंच करत आल्या, एका वेळी एका अंगणात.

लेक तोवर जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीशी एक मुलगा येऊन तिच्या जॅकेटची चेन वर-खाली करून बघत होता. तिने त्याला मदत केली नाही. चेन अडकली, त्याने ओढली, परत अडकली. सेविका म्हणाल्या, "गुंड्याचेनीची चौकट मागितली होती मी. खेळण्यांचा संच येतो त्यात नसते."

"आमच्याकडे एक पेटी आहे," मी म्हटलं. "आईची. चौकटी आहेत, वाळूची अक्षरं आहेत, चिंचोके, रिठे, शिंपले. हाताने केलेलं सगळं."

येताना गाडीत लेकीच्या डोक्यात निराळं काही होतं: पेटीतल्या एकेका वस्तूचा फोटो काढायचा, यादी करायची, एखाद्या संग्रहालयाला विचारायचं. आता तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. सेविकाच बोलल्या.

"द्या की. पण आधीच सांगते ताई, इथे वस्तू टिकत नाही. पोरं फोडतात, घरी नेतात."

"फोडू देत. पेटीतलं निम्मं सामान आईने डागडुजी केलेलंच आहे."

"मग भट्टीवर पण पाठवते त्यातलं," त्या म्हणाल्या. "माझी नणंद असते तिथे. पोरं तिच्याजवळच बसतात दुपारची." आणि मोबाइल बाजूला ठेवून, पत्ता लिहून द्यायला कागद शोधू लागल्या.